फौजदाराच्या हद्दीत

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही, आणि बसू नये अशीच माझी इच्छा आहे. विश्वास ठेवणारा माणूस ऐकता ऐकता पेंगतो. न ठेवणारा शेवटपर्यंत डोळे वटारून बसतो. आमचे शेजारचे घड्याळजी परवा दुपारी तसेच बसले होते, चहाचा कप हातात विसरून. माझी थोरली बहीण, अक्का, खिडकीपाशी मटार सोलत होती.

"घड्याळजी," मी म्हटलं, "हा मासे ठेवलेला काचेचा टँक बघताय ना? मी त्याच्या आत जाऊन आलोय. पायी."

घड्याळजींनी टँककडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोटासकट?"

"थापाड्या, आटप काय ते लवकर," अक्का म्हणाली. लहानपणापासून ती मला याच नावाने हाक मारते. "मटार संपले की डबे घासायचेत तुला."

तर ऐका.

टँक माझ्या दाजींचा. दाजी चष्म्याच्या काचा घासायचे. काचेपलीकडे बघत बसायची हौस त्यांना तिथूनच लागली असणार. खारं पाणी, पाण्यात खडबडीत दगड, दगडांवर जिवंत प्रवाळ. कुणी झोपेत बोटं हलवावीत तसे ते प्रवाळ हलत असतात. सगळं झकास जमवलं त्यांनी, पण नवशिक्याची एक चूक केलीच. पाणी मानवतंय का ते बघायला पहिला मासा आणला तो एक स्वस्तातला, दणकट, बोटभर लांबीचा निळा. पाणी मानवलं. मासाच मानवला नाही. खाऱ्या पाण्यात रीत अशी की लाजराबुजरा आधी सोडायचा आणि दांडगट सगळ्यांच्या शेवटी, कारण जो पहिला येतो त्याला सगळं घर आपल्या बापाचं वाटतं. दाजींनी उलटं केलं. त्या निळ्याचं नाव आम्ही फौजदार ठेवलं.

पुढे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी आली, ती पंपामागे लपून बसली. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा असा एक देखणा आला, त्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. एकेकाला दुकानात परत पोचवावं लागलं. मग दाजी गेले. घरात उरले दोघे, अक्का आणि फौजदार.

"आणि दोघांत डावं-उजवं करणं कठीण," मी घड्याळजींच्या कानात म्हटलं.

"ऐकू आलं मला," अक्का म्हणाली.

मी जन्मभर नाटकगृहात पडदा ओढला आणि नेपथ्य हलवलं. राहायची खोली रंगमंचाच्या मागेच. नाटकगृह पाडलं तेव्हा खोलीही गेली. एक ट्रंक घेऊन मी अक्काच्या दारात उभा राहिलो. दुसरीकडे जायला जागाच नव्हती, आणि हे तिला ठाऊक होतं. ट्रंक तिने बोळातच ठेवायला लावली.

"हे बघ," ती म्हणाली, "हे गेल्यावर नणंद येऊन राहिली, गेली. एक नर्सबाई भाड्याने राहिली, गेली. माणसं वाईट नव्हती रे. मलाच कुणी खपत नाही. टॉवेल दुसऱ्या खुंटीला दिसला तरी माझं डोकं सणकतं. माझं त्या निळ्यासारखं झालंय."

"मी तर तुझा सख्खा भाऊ."

"म्हणूनच जास्त भीती वाटते." मग जरा वेळ टँककडे बघून ती म्हणाली, "त्याच्याबरोबर नांदेल असा एक मासा आणून दाखव. या घरात दुसरा जीव टिकतो, हे आधी मला दिसू दे. टिकला तर राहा. नाही टिकला तर ट्रंक उचल."

दुसऱ्याच दिवशी मी दुकान गाठलं. दुकानवाली तिशीची, बाह्या दुमडलेल्या, मनगटावर मीठ सुकलेलं. सगळ्या भिंती टँकच्या. त्या निळ्या उजेडात गिऱ्हाईकंसुद्धा तरंगल्यासारखी चालत होती.

"काय दाखवू, काका?"

"नांदणारा दाखवा," मी म्हटलं, आणि फौजदाराची नि अक्काच्या अटीची सगळी कथा तिला सांगितली.

मी एका पिवळ्या, फुलपाखरासारख्या चपट्या माशाकडे बोट केलं. "तो तुमचे प्रवाळ खाऊन टाकील," ती म्हणाली. मी काटेरी पिसारा फुलवलेल्या एका दिमाखदाराकडे बोट केलं. "तो फौजदारालाच गिळेल."

"मग वाईट काय त्यात?"

"अक्कांना काय सांगाल? बदली झाली म्हणून?"

मी बोट मागे घेतलं. मग म्हटलं, फौजदाराला त्याच्यासारखाच एक निळा सोबती दिला तर? तिने कपाळाला हात लावला. "आपल्यासारखा दिसला की त्याचं माथं जास्तच फिरतं, काका. रंग वेगळा हवा, अंगलट वेगळी हवी, आणि राहायचा मजलाही वेगळा हवा. तुमचा फौजदार मधल्या मजल्यावर फिरतो. त्याला तळमजल्यावरचा भाडेकरू द्या."

तिने वाळूकडे बोट केलं. तिथे एक पिवळसर मासा बिळाच्या तोंडाशी बसला होता, बटबटीत डोळ्यांचा, दारात खुर्ची टाकून बसलेल्या पेन्शनरासारखा. त्याच्या मागे एक कोळंबी बुलडोझरसारखी वाळू ढकलत होती. कोळंबीला धड दिसत नाही. ती बीळ खणते, मासा पहारा करतो. बाहेर आली की तिची एक मिशी कायम माशाच्या अंगाला लागलेली. धोका दिसला की तो शेपटी हलवतो आणि दोघं आत.

"हे नवरा-बायको?" मी विचारलं.

"छे हो. नुसतं एकत्र राहतात."

हेच हवं होतं मला. दोघांना पिशवीतून घरी आणलं, बारीक नळीने टँकचं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडून त्यांना सवय करवली, मग अलगद वाळूवर उतरवलं.

फौजदार मधल्या मजल्यावरून सरळ खाली आला. सगळ्या घराच्या किल्ल्या कमरेला लावून फिरणारा तो, त्याला कसला आलाय तळमजला! त्याने पहारेकऱ्याला धडक मारली, परत मारली. दुसऱ्या दिवशी पहारेकरी पाण्याच्या पाइपमागे अंग चोरून धापा टाकत होता, आणि कोळंबी एकटीच मिशी हवेत—हवेत कसली, पाण्यात—चाचपडत होती.

अक्काने ते पाहिलं. "उद्या परत दे त्यांना," ती म्हणाली. मग तिने बोळातल्या ट्रंकेकडे पाहिलं.

दुपारी दाजींच्या खुर्चीत, टँकला खेटून, बसून राहिलो. अक्का आत आडवी झाली होती. पडदे ओढलेले. टँकचा निळा उजेड भिंतीवर, छतावर, माझ्या तळव्यांवर हलत होता. पंपाची घरघर हळूहळू दूर गेली, एखादी बोट किनारा सोडून जावी तशी. आणि घड्याळजी, मी काचेला कपाळ टेकलं तर काच मऊ लागली. दुधावरच्या सायीसारखी. मी नुसता पुढे झुकलो, आणि ती मला वाट देऊन पाठीमागे मिटली.

आत थंड नव्हतं. पाय वाळूत रुतत, आणि प्रत्येक पावलागणिक वाळू धुरासारखी उठून सावकाश खाली बसे. दगड आता डोंगराएवढे होते. प्रवाळांच्या राईतून चाललो तर त्या फांद्या माझ्या बाहीला धरून बघत, कोण आहे, ओळखीचा आहे का, आणि सोडून देत. वर, खूप वर, दिव्याचं आभाळ होतं. आवाज म्हणाल तर एकच, कोळंबीच्या नांगीचा, टक्, टक्, कुणी लांबवर दार ठोठावत असल्यासारखा.

कमानीखालून फौजदार आला. म्हशीएवढा.

"पाय पुसलेस?" तो म्हणाला. आवाज हुबेहूब अक्काचा.

अक्काच्या हातातली शेंग थांबली. मी पुढे रेटलं.

"ही कमान माझी," फौजदार म्हणाला. "ती कपार माझी. त्या सपाट दगडावर मी सकाळी बसतो आणि त्या उभ्या दगडामागे संध्याकाळी. तू कुठे मावणार?"

बोलता बोलता त्याला डुलकी लागली. मासे डोळे उघडे ठेवून झोपतात, पण जन्मभर प्रेक्षक पाहिलेत मी, झोपलेला मला बरोबर कळतो. अंक संपला, अंधार झाला की नेपथ्य हलवायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी कमान उचलली. पाण्यात दगड कसा हलका होतो! ती डावीकडे नेली. सपाट दगड उभा केला, उभा होता तो आडवा केला. प्रवाळांना धक्का लागू दिला नाही. झोपलेलं मूल खांद्यावर घ्यावं तसे उचलून नेले.

फौजदार जागा झाला तेव्हा त्याचं घर नव्हतंच. तो या दगडापाशी गेला, त्या दगडापाशी गेला, रागवायचं कशावरून तेच त्याला सुचेना. हद्दच नाही तर फौजदारी कसली! आता तोही नवा, पहारेकरीही नवा. पाहुण्यांनी भरलेल्या घरात माणसं बिचकून उभी राहतात तसे दोघे उभे राहिले, आणि मग पहारेकरी हळूच एका दगडाखाली शिरला. मागोमाग मिशी.

जागा झालो तर पाचचा सुमार. टँकमधले दगड खरोखरच बदललेले. बिळाच्या तोंडाशी पहारेकरी, डोक्यावरून फौजदार गेला तरी त्याचं अंग आकसत नव्हतं. स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज आला, "ती ट्रंक आत घे आधी! येता-जाता ठेचा लागतात मला."

घड्याळजींनी थंड झालेला चहा खाली ठेवला. "स्वप्न पडलं असेल."

"स्वप्न? मग माझा उजवा खांदा आणि बाही भिजून चिंब कशी झाली होती? आणि वाळल्यावर त्यावर पांढरं मीठ? सांगा ना! समुद्रात गेल्याशिवाय माणसाच्या अंगावर मीठ येतं का?"

ताटली खाटकन खाली आपटली. चार-दोन मटार जमिनीवर घरंगळले.

"खोटं! साफ खोटं!" अक्का उभी राहिली होती. "त्या दुकानवालीला फोन मी केला. दगड हलवा म्हणून तिने मला सांगितलं. खांद्यापर्यंत हात घालून एकेक दगड मी हलवलाय, मेल्या, आणि तू तोंडाचा आ करून घोरत होतास मध्ये, तुझ्या अंगावरून वाकावं लागलं मला! माझ्या कोपरावरून गळलेलं पाणी ते!"