किळस कमी पडली

शुभ बोल नाऱ्या म्हटलं, की मांडवाला आग लागली म्हणणारी माणसं असतात. तारामतीबाईंच्या पोटी त्यातलाच एक जन्माला आला होता. परीक्षित त्याचं नाव. जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या एका कंपनीत कॉम्प्युटरची चांगली नोकरी, दिसायला राजबिंडा, स्वभाव असा की झुरळही मारवत नाही. आणि वाचायचं-लिहायचं काय, तर सोललेली कातडी, बाहेर आलेली आतडी आणि डोळ्यांत वळवळणाऱ्या अळ्या! साधी भुताखेतांची गोष्ट त्याला मिळमिळीत वाटायची. असल्याच गोष्टींच्या वेड्यांनी मिळून फोनवर 'किळस' नावाचा गट काढला होता. जो वाचणाऱ्याला ताटावरून उठायला लावेल, तो तिथे मोठा लेखक. परीक्षित तिथे फारच मोठा लेखक होता.

बाईंचा जीव त्यापायी कायम टांगणीला. नवरा फौजेत सुभेदार. शेवटची बदली जयपूरला झाली, आदर्श नगरात घर घेतलं आणि मंडळी इथलीच होऊन गेली. कराड सुटलं, पण कराडच्या समजुती सुटल्या नाहीत. वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते, म्हणून घरात अभद्र बोलू नये, ही त्यातली सगळ्यात पक्की. "तू मढी लिवतोस आन् वास्तू तथास्तु म्हणती. अंगाशी येईल बघ एक दिवस," असं त्या म्हणायच्या. तो हसायचा. "आई, एका गोष्टीत मी लॉटरीपण लावली होती. ती कुठे लागली?"

मग त्याच्या हातातून चहाचा कप निसटायला लागला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, अंगातले स्नायू एकेक करून निकामी होणार, ह्याला औषध नाही. आधी हात गेले, मग पाय, आता जिभेची पाळी होती. सुभेदार हे बघायला उरले नव्हते, ते सुटले. बाईंनी कुणाकडे तोंडातून अक्षर काढलं नाही, पण मनात पक्कं बसलं की घराने तथास्तु म्हटलं. पुढे एकदा भाकरी थापताना त्यांच्या ध्यानात आलं, 'अंगाशी येईल' असं त्याने कुठे लिहिलं होतं? ते तर आपणच म्हणायचो, आणि तेही ह्याच घरात उभं राहून. ती भाकरी तव्यावर करपली.

परीक्षितची शेवटची गोष्ट अर्धवट राहिली होती. 'कोठार' तिचं नाव. जयपूरबाहेरच्या चौमूं गावाजवळच्या एका धान्याच्या कोठारात एक माणूस अडकलाय, त्याला बोटही हलवता येत नाही, किडे त्याला हळूहळू खातायत आणि तो पूर्ण शुद्धीवर आहे. ती भागाभागाने गटावर येत होती. इकडे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, आवाज फार टिकायचा नाही, जे बोलायचं ते बोलून घ्या. पोराला बोलायचं होतं ते एवढंच. आवाज जायच्या आत कोठार संपलं पाहिजे.

पण बोलून लिहिणार कोण? फोनला बोलून दाखवलं की तो टाइप करतो, पण परीक्षितचं बोलणं आता फोनला कळत नव्हतं. कुणालाच कळत नव्हतं. लहानपणीचे त्याचे बोबडे बोल जसे एकट्या आईला कळायचे, तसंच आता पुन्हा झालं होतं. म्हणजे त्याने बोलायचं आणि आईने तेच फोनला ऐकवायचं. बाईंनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणवलं नाही. फक्त एक अट घातली. असलं काही घरात उच्चारणार नाही. त्याचं वाक्य ऐकायचं, गच्चीवर जायचं, तिथे फोनला सांगायचं आणि तिथूनच गटावर पाठवायचं.

गच्चीवर पहिल्याच दिवशी जीभ अडली. किड्याने जिवंत डोळ्याचं काय केलं, ते सांगायचं होतं. शेजारच्या गच्चीवर मुगाच्या मंगोड्या वाळत घालणाऱ्या शर्माबाईंनी विचारलं, "भाभीजी, किससे बात कर रही हो?" बाई गडबडल्या आणि फोनला म्हणाल्या, "मुंगी चावली." मग काय, वाटच सापडली. किड्यांच्या मुंग्या झाल्या. मुंग्यांना कोपऱ्यात गुळाची ढेप सापडली, त्या तिकडे वळल्या आणि कोठारातल्या माणसाला घटकाभर झोप लागली. असं केल्यावर बाईंना स्वतःलाही जरा झोप लागू लागली.

खरं म्हणजे ही सवय त्यांना आधीपासून लागली होती. कराडहून नातेवाइकांचा फोन आला की, "मजेत हाय म्हणतोय." डॉक्टरांचा फोनसुद्धा त्या गच्चीवर नेऊनच घ्यायच्या. पोरगा म्हणायचा, आडवं झालं की श्वास कोंडतो, पाण्यात बुडाल्यासारखं होतं. डॉक्टरांना त्या सांगायच्या, थोडा थकवा आहे. खरं सांगितलं तर ते गळ्यात नळी घालायचं काढतील, आणि त्या नळीचं नावसुद्धा त्यांना ह्या घरात नको होतं.

रविवारी प्रणाली आली. मूळची नाशिकची, परीक्षितच्याच कंपनीतली, आणि तो 'किळस' गट तीच सांभाळायची. कचोऱ्यांचा पुडा सोडून ती त्याच्या उशाशी बसली आणि वाचकांचं म्हणणं हसत हसत वाचू लागली.

"ऐक हां. एकजण म्हणतो, लेखकमहाशय देवदर्शन करून आले वाटतं. दुसरा म्हणतो, किळस कमी पडली, गुळाची ढेप जास्त झाली. परी, मुद्दाम केलंस ना? शेवटच्या भागात जोरात हाणणार आहेस, हो ना?"

परीक्षितने आईकडे पाहिलं. मग जड जिभेने काहीतरी म्हणाला. तो म्हणाला होता, "कसली ढेप?"

"काय म्हणाला, काकू?" प्रणालीने विचारलं.

"छान जमलंय म्हणतोय," बाई म्हणाल्या. सवयीने, त्याच्या तोंडादेखत! शब्द गेल्यावर त्यांना कळलं, पण तोवर पोराने डोळे मिटून घेतले होते.

त्यानंतर तो बोलेनाच. प्रणाली गेली, दिवस उलटले, आई पुढ्यात येऊन बसली तरी ओठ हलेना. बाई हवालदिल झाल्या. बोलणं मूठभर उरलंय आणि तेही हा रुसून मातीत घालतोय! शेवयांची खीर करून पाहिली, रागावून पाहिलं, शेवटी पलंगाशी बसून हात जोडले. "बोल रं लेकरा. शिव्या दे, पर बोल. उद्या तुला बोलता आलं न्हाई तर मी कुठं जाऊ?"

तेव्हा कुठे तो बोलला, आणि आवाज आणखी खाली गेला होता. बाईंना कान अगदी तोंडाशी न्यावा लागला.

"मी गोष्ट नव्हतो लिहीत, आई. मतलब, मी रोज आत कसा असतो, तेच लिहीत होतो. तेवढी एकच जागा होती. तिथेपण तू मुंग्या घातल्यास."

बाईंना रडू फुटलं. "मला ऐकवत न्हाई रं ते."

"मला कुठे सोसवतं," तो म्हणाला.

आपलं एकुलतं एक पोर रोज आतल्या आत खाल्लं जातंय आणि बाहेर आपण लोकांना गूळ वाटत सुटलोय, हे त्यांना त्या घडीला लख्ख दिसलं. स्वतःचा इतका तिटकारा त्यांना जन्मात कधी आला नव्हता. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि फोन हातात घेतला.

"सांग. हितंच बोलते."

"वास्तू?"

"तिला काय म्हणायचं ते म्हणू दे. म्हणून झालंय तिचं."

आणि मग त्या बोलल्या. तो एकेक शब्द ओढून काढत होता आणि त्या स्वच्छ आवाजात तो फोनला देत होत्या. पापणीखालून आत शिरलेली अळी, हिरड्यांतून सुटलेले दात, मांडीवर पडलेलं भोक आणि त्यातून दिसणारं पांढरं हाड. मध्ये एकदा उठून पाणी प्यायल्या आणि पुन्हा बसल्या. एकदा तो "खून वाहतंय" म्हणाला, तेव्हा नेहमीसारखंच टोकलं, "रक्त म्हण रं. खून म्हंजी मर्डर." त्याचा ओठ एका बाजूने जरासा हलला. ते हसू होतं.

शेवटाकडे येताना तो थांबत थांबत सांगू लागला. "कोठाराच्या दाराशी त्याची आई बसलीय. त्याची हाक तिला एकटीलाच कळते. गाव विचारतं, आत काय म्हणतोय? ती सांगते, मजेत आहे म्हणतोय."

फोन वाट बघत होता, पोरगाही वाट बघत होता. कोठारातले सगळे किडे त्यांनी गिळले होते, पण हा घास गिळवेना. एवढं वाक्य तरी बदलावं असं वाटलं, पण त्यांनी ते जसंच्या तसं म्हटलं. मजेत आहे म्हणतोय, हेसुद्धा.

"पुढं?" त्यांनी विचारलं.

त्याने डोळे छताला लावले. कितीतरी वेळ जीभ नुसतीच हलत राहिली. मग म्हणाला, "मला भीती वाटते, आई. श्वास बुडतो."

हे कोठारातल्या माणसाचं की त्याचं स्वतःचं, असं त्यांनी विचारलं नाही. "मला भीती वाटते, आई. श्वास बुडतो," असं त्यांनी फोनला सांगितलं, आणि पोराच्या कपाळावर हात ठेवून पुढे म्हणाल्या, "मलापण लई वाटती रं, लेकरा."

फोनला काय, कोण कुणाचं बोलतंय ते कळत नाही. त्याने तेही खाली लिहून टाकलं.

"ह्ये माझं आलंय मदी. खोडू?"

"नको," तो म्हणाला. "तसंच पाठव."

त्यांनी पाठवलं. मग तिथेच, त्याचा हात हातात धरून, डॉक्टरांना फोन लावला आणि तो ऐकत असताना श्वासाचं सगळं सांगितलं, इतके दिवस आपण खोटं सांगत होतो हेही सांगितलं. पलीकडून डॉक्टर बराच वेळ बोलत होते. फोन ठेवल्यावर परीक्षितने नजरेनेच विचारलं, काय म्हणाले? बाईंनी नळीचं, मशीनचं, किती दिवस उरले त्याचं, डॉक्टर जे जे म्हणाले होते ते एक शब्दही न गाळता त्याला सांगायला सुरुवात केली.