हातभर जास्त

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. नाव घेतल्याबिगर मले देवाजीवर नीट रागावता येत नाही, अन् ही गोष्ट सांगायची म्हणजे रागावणं आलंच.

आमची गल्ली नाग नदीच्या काठावर, सगळी कोष्ट्यांची. ज्याच्या त्याच्या घरी माग, अन् माग म्हणजे खड्डामाग. जमिनीत मांडीइतका खड्डा. विणणारा त्याच्या काठावर बसते, पाय खड्ड्यात सोडते, खाली पायानं पावड्या दाबते अन् वर हातानं धोटा फेकते. खड्ड्यात ओल राहते, त्यानं सूत तुटत नाही. देवाजीचं अर्धं आयुष्य त्या खड्ड्यात गेलं. मी शेजारी बसून सुताच्या कांड्या भरत जाय अन् दिवसभर त्याईच्याशी भांडत जाय. माग थांबला की भांडणाची मजा जाय, म्हणून जेवताना आम्ही दोघंही गप्प.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली अन् एका पावसाळ्यात नदी थेट गल्लीत शिरली. माणसं, बकऱ्या, कोंबड्या, सगळे मारुतीच्या मंदिरात चढून वाचले. मी आमच्या ताराले खांद्यावर घेतलं अन् छातीभर पाण्यातून तिकडे गेली. आमचं घर मातीचं, ते बसलं. मागाची लाकडं तेवढी देवाजी अन् त्याईचा लहान भाऊ बळीराम, दोघांनी ओढून काढली. मी ओरडून राहिली होती की आधी पेटी काढा, माझं लग्नाचं लुगडं आहे तिच्यात. पेटी वाहून गेली, लाकडं वाचली.

पाणी ओसरल्यावर ओव्हरसियर आले, आनंदराव नावाचे. तरणा माणूस, सायकलवर, पायात गमबूट. मंदिराच्या भिंतीवर पुराचा डाग उमटला होता, त्या डागावर त्यांनी लाल रंगाची रेघ मारली अन् सगळ्यांले जमवून नियम सांगितला. नदीकाठी यापुढे कोणीही घर बांधलं तर घराची जमीन या रेघेच्या वर पाहिजे. खाली राहिली तर परवानगी नाही, अन् परवानगीबिगर बांधलं तर पाडणार.

आमची शेजारीण वच्छलाबाई म्हणाली, "साहेब, नदीले सांगितला काय हा नियम?"

सगळे हसले. आनंदरावही हसले, पण रेघ काही पुसली नाही. मले तर नियम पटला, खोटं काहून बोलू? लेकरू खांद्यावर घेऊन पाण्यातून चाललेल्या बाईले रेघेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मंग त्यांनी पाणनळी लावली. लांब नळीत पाणी भरायचं, एक टोक मंदिराच्या रेघेले धरायचं, दुसऱ्या टोकाले पाणी जिथं थांबीन तिथं तीच उंची. अशी उंची काढून त्यांनी आमच्या जागेवर एक खुंटा ठोकला अन् खुंट्यावर लाल खूण केली. जोतं या खुणेच्या वर न्यायचं.

देवाजी म्हणाले, "मागाचा खड्डा इकडल्या कोपऱ्यात राहीन साहेब."

आनंदरावांनी खड्डा किती खोल ते विचारलं, खुंट्याकडे पाहिलं अन् मान हलवली. "तळ रेघेच्या खाली जातो. तळ म्हणजेही जमीनच. तिथं माणसाचे पाय असतात."

"पाय राहतात साहेब, संसार नाही राहत तिथं."

"पुराचं पाणी आधी त्या खड्ड्यातच शिरेल देवाजी. आतून जोतं पोखरेल, मग भिंती बसतील. खड्डा हवा असेल तर त्याचा तळही रेघेच्या वर घ्या."

"मंग घर किती उंच जाईन?"

आनंदरावांनी हात छातीच्याही वर धरून दाखवला. देवाजी त्या हाताकडे पाहत राहिले.

घरी, म्हणजे मंदिराच्या ओट्यावर, मी विषय काढला. पडलेल्या घरांच्या विटा-माती गल्लीतले लोक टोपल्या टोपल्या आणून टाकणार होते, आज एकाच्या जोत्याले, उद्या दुसऱ्याच्या. मी म्हणलं, आपल्याले थोडा जास्त भराव लागीन असं सांगा लोकांले.

"स्वतःची घरं पडली आहेत त्याईची," देवाजी म्हणाले. "अन् मी सांगू काय, की आणखी भरा, माझे पाय लोंबकळायले जागा पाहिजे?"

"सांगा. तोंड आहे ना."

"नाही सांगणार."

मानी माणूस. असल्या माणसाशी संसार करणं म्हणजे भिंतीशी बोलणं. बळीराम कामठीले पावरलूमवर काम करे, त्यानं तिकडे भावासाठी जागा पाहून ठेवली. पावरलूमले खड्डा लागत नाही, दिवसभर उभ्यानं काम. देवाजी हाव म्हणाले. मागाचं लाकूड सागाचं आहे, त्याची दाराची चौकट होईन म्हणाले, अन् जाऊन सुताराले सांगूनही आले.

अन् तिथून हा माणूस हसायले लागला. कोणी काही बोललं की हसे, पोरांसोबत हसे, भाकर करपली तरी हसे. मले असा राग आला म्हणून सांगू. रडले असते तर मी समजूत काढली असती. हसणाऱ्या माणसाची काय समजूत काढणार? मी चुलीपाशी बसून त्याईच्या वाटचं रडून घेतलं.

आता कोष्ट्याची एक खोड सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. कापड आटते. नऊ वार लुगडं पाहिजे तर ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, नऊ वारच धरून चालत नाही, हातभर जास्त धरावा लागते. हे आमच्यात कोणी कोणाले शिकवत नाही अन् कोणी बोलूनही दाखवत नाही. माप हातात आलं की हात आपोआप पुढं सरकते. देवाजीनं एकदा ताराच्या परकराचं माप दिलं होतं, तो परकर मले झाला.

भराव सुरू झाला. खुंटा मातीत दबणार, म्हणून देवाजीनं आधीच जमिनीपासून लाल खुणेपर्यंत दोरी धरून माप घेतलं, अन् गाठ मारली हातभर वर. दोरी दिली बळीरामच्या हाती. बळीरामनं दोरीच्या मापाचा बांबू तोडला. पावरलूमवर गेला तरी तो कोष्ट्याचाच पोरगा, बांबू तुटला हातभर लांब. बांबू गेला विश्वनाथजवळ. हा वच्छलाबाईचा नवरा, भरावाचा मुकादम आपणहून झालेला. त्यानं बांबू रोवला, त्यात तो हातभर जमिनीत गेला, अन् मनातल्या मनात म्हणाला, माती पाणी पिली की तीही आटीन. तर बांबूच्या वर हातभर भरू. तिघांपैकी एकानंही दुसऱ्याले विचारलं नाही.

बाया टोपल्या टाकून राहिल्या, माणसं आळीपाळीनं धुम्मस घेऊन ठोकून राहिली. सगळ्या पडक्या विटा, मुरूम अन् छपरावरच्या कवेलूचे तुकडे. असा भराव कशाचा आटते? विश्वनाथ दररोज येऊन पाहे किती बसला, अन् भराव जिथल्या तिथं.

जोतं पुरं झालं तेव्हा गल्लीत हसूच हसू. वच्छलाबाई खालून विचारे, "काय वं इंदू, वरून कामठी दिसते काय?" दुसरी म्हणे, आता इंदूबाईच्या हळदीकुंकवाले शिडी घेऊन जावं लागीन. मी वर चढून उभी राहिली तर माझे पाय मंदिरातल्या मारुतीच्या डोक्याइतके. मी तिथूनच हात जोडून माफी मागितली. पण कोणाच्याच डोक्यात काही आलं नाही. देवाजी कामठीले जाणार हे ठरलं होतं, अन् ठरलेल्या गोष्टीकडे कोणी पुन्हा पाहत नाही.

भिंती घ्यायच्या आधी आनंदराव जोतं तपासायले आले. त्याच सकाळी सुतारही आला. तो मंदिराच्या ओट्यावर करवत घेऊन बसला अन् मागाची लाकडं एकेक करून जवळ ओढायले लागला. मी तिकडं पाठ केली.

आनंदरावांनी पाणनळी धरली, पाणी थांबेपर्यंत पाहिलं, मंग पुन्हा धरली. "देवाजी, माप कोणी घेतलं?"

"मी साहेब."

"जास्त किती धरलं?"

"हातभर. आटण्यापुरतं."

बळीराम खाकरला. "हातभर तर मी धरलं होतं दादा."

"तू काहून?"

"ताणा नाही काय मोजत आपण?"

विश्वनाथनं डोक्यावरची टोपी काढली अन् पुन्हा घातली. "मी पण धरलं," तो म्हणाला.

आनंदराव जोत्याच्या काठावर खालीच बसले. त्याईचं हसणं थांबेना. "अरे, जोतं आहे की लुगडं?" गल्ली सगळी पोट धरून हसून राहिली होती, अन् त्यात देवाजीचं ते खोटं हसणंही मिसळलेलं. माझं डोकं फिरलं.

"हसा," मी म्हणलं. "ह्या उंचीवर पाण्याचे गुंड कोण चढवीन? तुम्ही तीन शहाणे? भरला गुंड कमरेवर घेऊन मी चढू अन् हे तिकडं कामठीले जाऊन उभे राहतील. एवढ्या मातीचं काय करू मी? खड्डा खणू काय हिच्यात?"

बोलली अन् माझं मलेच ऐकू आलं.

हसणं थांबलं. देवाजीचंही थांबलं. त्याईनं आनंदरावांकडे पाहिलं, पायाखालच्या भरावाकडे पाहिलं, अन् तोंड उघडलं नाही. एवढं होऊनही मागायची लाज. मंग मीच विचारलं. "साहेब, मागाचा खड्डा दोन हाताले थोडा कमीच राहते. तुमच्या नळीनं पाहा ना."

आनंदराव उठले. नळी धरली, टेप लावला, पुन्हा मंदिराच्या रेघेकडे जाऊन आले. मले वाटलं आता काही ना काही काढतील, जमिनीचं वेगळं, खड्ड्याचं वेगळं.

"तळ रेघेच्या वर राहतो," ते म्हणाले. "चार बोटं."

"चार बोटं चालतात काय नियमात?"

"वर म्हणजे वर इंदूबाई. चार बोटं काय अन् चार हात काय."

बळीराम मंदिराकडे पळाला. करवत एका लाकडाले लागलीच होती, थोडी खाच पडली होती तेवढ्यात त्यानं सुताराचा हात धरला. देवाजीनं इकडं कुदळ उचलली अन् साहेबासमोरच कोपऱ्यात घातली. कुदळ खणकन वाजून परत आली. गल्लीनं इतकं ठोकलं होतं की वीतभर खणेपर्यंत तिघांच्या अंगाले घाम फुटला.

"कोणी ठोकलं गा एवढं?" विश्वनाथ म्हणाला.

"तूच," बळीराम म्हणाला.

आनंदराव हातात टेप घेऊन काठावर उभे होते. माप पुरं झालं, त्यांनी हात वर केला. तरी देवाजीची कुदळ पुन्हा उचलली गेली. मी ओळखलं. मी खड्ड्यात उतरून दांडा धरला.

"बस."

"थोडा जास्त घेऊन ठेवू वं, पुढं..."

"एक बोट नाही."

त्याईनं कुदळ सोडली. मंग ते काठावर बसले अन् हळूच पाय आत सोडले. माग अजून मंदिरात होता, समोर नुसती हवा, तरी पाय आपल्या जागी गेले अन् हात मांडीवर आले. कितीतरी दिवसांनी ते हसून राहिले नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहून राहिलं होतं अन् ते पुसतही नव्हते.

"इंदू, पाय टेकले वं," ते म्हणाले.

मी सगळ्यांसमोर रडली. लाज कशाची? वच्छलाबाईही डोळ्याले पदर लावून उभी होती, आता तिले कामठीची आठवण राहिली नव्हती.

देवाजीनं मान वर करून बळीरामकडे, विश्वनाथकडे, टोपल्या हातात धरून उभ्या असलेल्या बायांकडे पाहिलं. "मी तुमाले मागितलं नसतं," ते म्हणाले.

"आम्ही तरी कुठं दिलं गा?" विश्वनाथ म्हणाला. "माप चुकलं." अन् त्यानं धुम्मस उचलली अन् खड्ड्याच्या कडा ठोकायले लागला.