जिच्यावाचून अडतं ती

इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या कपड्यांच्या खोलीत बावीस वर्षं शिवणबाईंचं राज्य होतं. फाटक्या चादरींना ठिगळं, डॉक्टरांच्या हिरव्या डगल्यांना नाड्या, उशांचे अभ्रे, सगळं त्यांच्याच हाताखालून जायचं. मशीन जुनं आणि भारी लहरी. दुसरं कुणी बसलं की तीन टाके नीट घालायचं आणि चौथ्याला दोरा तोडायचं. बाई बसल्या की गरीब गाय!

अशा बाईंना बदली हवी होती, कारण लेकीला बाळ झालं होतं. लेकीच्या गावातही याच संस्थेचं इस्पितळ होतं आणि तिथली शिवणाची जागा रिकामी होती. तिथलं काम सकाळचं, लेकीची नोकरी दुपारची. तीन महिन्यांनी लेकीची रजा संपायच्या आत बदली झाली तर बाळ आजीच्या मांडीवर, नाहीतर परक्यांच्या हाती.

अर्जासोबत विभागाचं शिफारसपत्र लागायचं, तेही इंग्रजीत. ते कचेरीतल्या भाऊसाहेबांनी लिहिलं. भाऊसाहेबांना इंग्रजी शब्दांचं वेड. एक शब्द मागावा तर माणूस चार काढून द्यायचा.

"ऐका बाई," ते चष्मा सावरत म्हणाले. "बसला तिकीट लागतं, ते नेसेसरी. जगायला पाणी लागतं, ते एसेन्शियल. काळीज, ते व्हायटल. आणि जिच्यावाचून सगळं अडतं, ती इन्डिस्पेन्सेबल. म्हणजे तुम्ही!"

"अगं बाई! एवढी मी?"

"चारही लिहिलेत. उगाच कमी पडायला नको."

बाईंना मूठभर मांस चढलं. घरी जाताना तो लांबलचक शब्द त्यांनी चारदा पुटपुटून पाहिला.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. जिच्यावाचून काम अडतं असं विभागच लेखी कळवतो, तिला सोडता येत नाही. अर्ज नामंजूर.

"भाऊसाहेब, मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत," बाई कडाडल्या. "आता उतरवा खाली!"

भाऊसाहेबांचा चेहरा पडला होता. तरी ते म्हणाले, "पण बाई, खोटं काय लिहिलं मी? मागे तुम्ही चार दिवस तापाने पडलात, तर डॉक्टर डगल्याला चिकटपट्टी लावून हिंडत होते. अडतं की नाही तुमच्यावाचून?"

अडत होतं खरं. पण का अडतं, हे जगात त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं.

मशीनची बॉबिनची डबी झिजून सैल झाली होती. तिच्यामागे औषधाच्या खोक्याचा नखाएवढा पुठ्ठा सरकवला की मशीन सुतासारखं सरळ चालायचं. रोज कामावर आल्यावर तो पुठ्ठा बाई गुपचूप बसवायच्या आणि जाताना काढून पाकिटात ठेवायच्या. त्याच खोलीतली इस्त्रीवाली अकरा वर्षं मागे लागली होती, "ताई, मला शिकवा ना." आणि बाई दरवेळी म्हणायच्या, "येतं हो हळूहळू." हाताला यश आहे, असं लोक म्हणायचे ते कानाला गोड लागायचं. दुसरं काही नाही.

त्या रात्री बाईंना स्वतःची चांगलीच लाज वाटली.

सकाळी त्यांनी इस्त्रीवालीला मशीनपाशी बसवलं आणि पुठ्ठा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"हे एवढंच होतं, ताई?"

"एवढंच. आता मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, आणि पायडलवर पाय ठेव."

शिव्या तिने दिल्या नाहीत, पण दिवसभर अबोला धरला. तिसऱ्या दिवसापासून मात्र नाड्या अशा सरळ घातल्या की बाई बघतच राहिल्या. महिन्याभरात सगळं तिच्या हातात बसलं. मग भाऊसाहेबांच्या सांगण्यावरून बाईंनी आठ दिवस रजा टाकली. परत आल्या तर एकही तक्रार नव्हती. कुणी साधं विचारलंही नव्हतं. बाईंना आनंद झाला आणि जरा झोंबलंही.

भाऊसाहेबांनी दुसरं पत्र दोन ओळींचं लिहिलं. हाताखाली दुसरी तयार झाली आहे, काम अडणार नाही. "या खेपेला एकही भारी शब्द नाही," ते ओशाळून म्हणाले. लेकीची रजा संपायला नऊ दिवस उरले असताना बदलीचा हुकूम आला. जाताना बाईंनी पहिल्या पत्राची प्रत मागून घेतली आणि पुठ्ठ्याच्या जागी पाकिटात ठेवली.

लेकीकडे बाळाने पहिल्याच आठवड्यात आजीला ओळखून टाकलं. कितीही रडत असो, बाईंनी उचललं की गप्प. इतर कुणाला दाद देईना. एका संध्याकाळी, लेक अजून कामावर असताना, जावई घामाघूम होऊन म्हणाला, "आई, तुम्ही नेमकं करता तरी काय हो?"

"येतं हो हळूहळू," बाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

बाळ छान उबदार होतं. बाईंनी त्याला आणखी थोडा वेळ, अगदी थोडाच वेळ, छातीशी धरून ठेवलं.

"या इकडे, जावईबापू," मग त्या म्हणाल्या. "डावा हात असा मानेखाली घ्या."