तीन भोकांची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी नावाची पाटी आहे, आणि गंमत अशी की मलाच नाव सांगायची भीती वाटते. हसा खुशाल. पाटीचे काम काय, तर दारावर टांगून घ्यायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला घरचे नाव सांगायचे. पण ज्या घरात माझे आयुष्य गेले ते घरच भित्रे. खाण तशी माती. त्या घराला भीती कुठून लागली आणि तिने काय काय नेले, ते सांगते. नाव तेवढे विचारू नका.

मी जन्मले तेव्हा पाटी नव्हतेच. दोर वळणाऱ्यांच्या घरातली मी एक फळी होते, हातभर लांब आणि वीतभर रुंद. माझ्या पोटात एका ओळीत तीन भोके पाडली होती. दोराचे तीन पेड त्या भोकांतून ओवले की ते एकमेकांत गुंतत नसत. आवाराच्या एका टोकाला घरचा कर्ता, म्हणजे आज या घरात असलेल्या नातीचे पणजोबा, चाक फिरवून पेडांना पीळ देत. दुसऱ्या टोकापासून मला हातात धरून कुणीतरी चाकाच्या दिशेने सावकाश चालत यायचे. मी जशी पुढे सरके, तसा माझ्या मागे तीन पेडांचा एक दोर होत जाई.

मला धरण्याचे काम पणजोबांच्या मुलीचे होते. ती दहा वर्षांची होती. तिचा सहा वर्षांचा भाऊ चाकापाशी बसून पीळ बघायचा. पीळ पुरा बसण्याआधी पाऊल टाकले तर दोर ढिला होतो, म्हणून ती लांबून ओरडून विचारी, "पीळ आला का रे?" तो तिकडून ओरडे, "आला, ये!" उत्तर आल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही, हा पणजोबांचा नियम होता. कधीकधी तो मुद्दाम गप्प बसे. मग ती माझ्या मधल्या भोकापाशी तोंड आणून अशी काही किंचाळे की चिमण्या उडत.

पेड घासून घासून माझी भोके मोठी झाली, तेव्हा पणजोबांनी नवी फळी केली. मला चुलीत घालणार होते. मी थरथरले, पण फळीचे थरथरणे कुणाला दिसते? त्या मुलीने मला उचलले. घरात लिहिता येणारी ती एकटीच. तिने पांढऱ्या रंगात माझ्यावर घरचे आडनाव लिहिले. ते धंद्यावरूनच पडलेले, दोर वळणाऱ्यांचे आडनाव होते. शेवटच्या अक्षराला जागा उरली नाही, म्हणून ते तिने बारीक करून कोपऱ्यात कोंबले. कडेच्या दोन भोकांतून सुतळी ओवून मला दारावर टांगले. मधले भोक रिकामे राहिले आणि भाऊ त्यातून रस्ता बघू लागला.

दारावर मी खूश होते. पण मग एका वर्षी याद्या फिरू लागल्या. काही आडनावांच्या लोकांनी ते गाव सोडून जावे असे कुणीतरी ठरवले होते. कुणी आणि का, ते मला कधीच कळले नाही. पाटीला यादी कोण वाचून दाखवणार? एका सकाळी तीन माणसे आली, माझ्याकडे बोट दाखवून काही बोलली आणि माझ्यावर खडूने फुली मारून गेली. त्यांनी फक्त माझ्यावरचे नाव वाचले होते. म्हणजे घर मीच दाखवून दिले होते. ती भीती माझ्या लाकडात अजून आहे.

मुलीने बाहीने फुली पुसली. पुसून काय होणार? दोन दिवसांनी घर निघाले. मावशीच्या गाडीत एकाच मुलाला जागा होती, तीत मुलगी बसली. नाक्यापलीकडे भेटू, असे ठरले. मला पणजीने धाकट्याच्या कपड्यांसोबत बोचक्यात बांधले.

नाक्यावर लांबलचक रांग होती. टेबलामागचा कारकून मान वर न करता आडनाव विचारी. काही आडनावे ऐकली की बाजूच्या शिपायाकडे बोट दाखवी, आणि शिपाई ते कुटुंब एका पत्र्याच्या शेडमागे नेई. तिथून कुणी परत येताना दिसत नव्हते. आमच्या पुढे एक घड्याळजी त्याच्या बायको-मुलांसह उभा होता. त्याने आडनाव सांगितले. कारकुनाने लिहिले आणि त्याला सोडले. मग पणजोबांची पाळी आली. त्यांनी तोंड उघडले आणि घड्याळजीचेच आडनाव जसेच्या तसे सांगितले.

"भाऊ का?" कारकुनाने विचारले.

"चुलत," पणजोबा म्हणाले. पुढे गेलेला घड्याळजी क्षणभर वळला, त्याने बघितले आणि तो काहीच बोलला नाही. त्या माणसाचे उपकार आमच्या सात पिढ्या फेडू शकणार नाहीत.

अशा रीतीने आमचे घर वाचले, आणि त्याच घडीला मुलगी हरवली. मावशीची गाडी मावशीच्या सासरच्या आडनावावर आधीच पार होऊन दुसऱ्या रस्त्याला लागली होती. निर्वासितांच्या छावण्यांतही त्यांची छावणी वेगळी, आमची वेगळी. मुलगी प्रत्येक छावणीत दोरवाल्यांचे नाव विचारत असणार. त्या नावाचे घर तर जगात उरलेच नव्हते. पणजोबांनी एकदा धीर करून कचेरीत तिची चौकशी केली. कारकून म्हणाला, "तुमची ती कोण?" मुलगी म्हटले तर स्वतःचे नाव उघडे पडणार. पणजोबा म्हणाले, "कुणी नाही." मी बोचक्यात होते. मी ते ऐकले.

नव्या गावात दारावर पाटी हवीच होती. पणजोबांनी जुने नाव खरवडायला पात्याची धार लावली. पणजी आडवी आली. आयुष्यात ती एकदाच नवऱ्यापुढे ठामपणे उभी राहिली असेल. म्हणाली, "झाका हवं तर. खरवडायचं नाही. माझ्या पोरीचं अक्षर आहे ते." म्हणून माझ्यावर निळा रंग चढला आणि त्यावर घड्याळजींचे, तेही धंद्यावरूनच पडलेले, आडनाव आले. पण खालची पांढरी अक्षरे जाड होती. हात फिरवला तर अजून लागत. पणजी मला पुसताना नेहमी हळू पुसायची.

पुढे मोठा घोळ झाला. पाटी वाचून लोक घड्याळे घेऊन यायला लागले! पणजोबांना दोराशिवाय काही येत नव्हते. ते घड्याळ उघडत, आत फुंकर मारत, बंद करत आणि गंभीरपणे म्हणत, "तेल सुकलं होतं." आश्चर्य म्हणजे निम्मी घड्याळे चालत. शेवटी पकडले जाण्याच्या भीतीने त्यांनी मुलाला खऱ्या कारागिराकडे शिकायला धाडले. तो मुलगा, म्हणजे चाकापाशी बसणारा धाकटा, पुढे फार उत्तम घड्याळजी झाला. लोक म्हणत, रक्तातच आहे. तो मान खाली घालून काम करी.

पणजीने मरताना त्याला जवळ बोलावले. म्हणाली, बहिणीला शोध, पण आपलं नाव कुणाला सांगू नकोस. आता मित्रांनो, तुम्हीच सांगा, नाव न सांगता माणूस शोधायचे कसे? तो कामासाठी मोठ्या शहरात आला. तिथल्या अर्जाच्या चौकटीत आडनाव मावेना, म्हणून कारकुनाने त्याचे शेपूट छाटले. माझ्यावर तिसरा, तपकिरी रंग चढला. रुंद घरांच्या लोखंडी जाळीच्या दारावर मला तारेने बांधले. तारेनेच, कारण त्या घरात दोर कधी आलाच नाही. वाळत घातलेले कपडेसुद्धा तारेवर.

तो धाकटा आता आजोबा झाला आहे. दारावरची घंटा वाजली की आधी खिडकीच्या फटीतून बघतो. त्याचा मुलगा आणि सून कामासाठी परगावी असतात, पण नात त्याच्याजवळ राहते. ती एका दवाखान्यात रोग्यांची नावे नोंदवते. प्रश्न फार विचारते, म्हणून आजोबा तिला 'वकील' म्हणतो. एकदा तिच्यापुढे एक म्हातारे गृहस्थ आले, त्याच घड्याळजी घराण्यातले; आडनाव आमचेच, फक्त शेपटासकट. तिने उत्साहाने नाते सांगितले. त्यांनी तोंडपाठ वंशावळ म्हणून दाखवली आणि म्हणाले, "यात तुम्ही कुठंच बसत नाही, बाळ."

झाले! वकीलबाई खवळल्या. आपण कोण, कुठले, आडनाव कुठून आले, आजोबांचे आजोबा काय करत? आजोबा एकच उत्तर देई, "पहिल्यापासून हेच." तशात माझा रंग पोपडा होऊन एका कोपऱ्यात उडाला आणि खालून ते बारीक, कोंबलेले पांढरे अक्षर डोकावले. नातीने माझा फोटो काढला. ताटातूट झालेल्यांचे नातेवाईक एकमेकांना शोधतात अशा एका ऑनलाइन गटात तिने तो टाकला आणि खाली आमच्या गल्लीचा पत्ता देऊन लिहिले, तीन भोकांची ही पाटी कुणी ओळखतं का?

आजोबाला कळले तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो तिच्यावर कधी ओरडत नसे, त्या दिवशी ओरडला. फोटो काढून टाक म्हणाला. ती म्हणाली, कारण सांगा, मग काढते.

"सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही तुझा," तो म्हणाला, आणि दोराचे नाव तोंडातून गेले म्हणून स्वतःच दचकून थांबला.

मग खुर्चीत बसून त्याने तिला सगळे सांगितले. नाका, रांग, ताई. शेवटी म्हणाला, "माझे सगळे कागद खोट्या नावाचे आहेत. कळलं तर या वयात मला कुठे पाठवतील?" नातीने फोटो काढून टाकला आणि कुणाला सांगणार नाही असे वचन दिले. पण तोवर फोटो तीन दिवस तिथे होता.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेल्यावर आजोबाने मला उतरवले. माझ्या तिन्ही भोकांत पुट्टी भरली, वरून तपकिरी रंग फासला आणि तारेचे वळसे माझ्या दोन्ही टोकांभोवती घालून मला पुन्हा दारावर बांधले. मला वाटले, आता आपला श्वास गेला. पण केसाएवढी चाके बसवणारा तो माणूस त्या दिवशी घाईत होता. पुट्टी त्याने जाड भरली. वरून ती वाळली, आतून ओलीच राहिली.

महिन्याभराने, रविवारी सकाळी, घंटा वाजली. दारात एक वाकलेली म्हातारी आणि तिची सून उभ्या होत्या. आजोबाने फटीतून पाहिले आणि तो आतल्या खोलीत गेला. नात जाळीपाशी आली. म्हातारीने दोरवाल्यांचे ते आडनाव उच्चारले. साठ-सत्तर वर्षांत ते माझ्यासमोर कुणी मोठ्याने बोलले नव्हते. माझी बोबडीच वळली.

नातीने आतल्या खोलीकडे पाहिले. वचन दिलेले होते. ती म्हणाली, "घर चुकलंय तुमचं." पण तिचे डोळे भरले होते.

"फोटोतल्या पाटीला भोकं होती," सून म्हणाली. "हिला नाहीत. चला, आई."

त्या वळल्या. मित्रांनो, इतकी भीती मला खडूच्या फुलीचीही वाटली नव्हती. नाव उघडे पडेल या भीतीत मी जन्म काढला. त्या क्षणी ते उघडे पडणार नाही याची भीती वाटली. मला ओरडता येत असते तर मी ओरडले असते.

"थांब गं," म्हातारी सुनेला म्हणाली. "डोळ्यांचं काय खरं? हात लावून बघते."

तिची बोटे माझ्यावर फिरली. तीन रंगांखालची अक्षरे तिने एकेक करून चाचपली, आणि कोपऱ्यातल्या त्या बारीक अक्षरापाशी थांबली. मग अंगठ्याने तिने मधोमध दाबले. पुट्टीचा गोळा आत फरशीवर पडला आणि माझ्या पोटातून उजेड गेला.

नात हलली नाही. जाळीतूनही हाक आत गेली असती, पण म्हातारी आणखी वाकली, मधल्या भोकाला तोंड लावले आणि थकलेल्या आवाजात तिने विचारले,

"पीळ आला का रे?"

ती वाट बघत राहिली. उत्तर आल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही, हा नियम तिला अजून पाठ होता. घरातली सगळी घड्याळे टिकटिकत होती.

मग आतल्या खोलीतून, भ्यायलेला, फाटका आवाज आला.

"आला. ये."

आजोबाची भीती त्या दिवसानंतर गेली असे मी म्हणणार नाही. घंटा वाजली की तो अजून दचकतो. पण दर रविवारी घंटा वाजायच्या आधीच दार उघडून उभा असतो. उरलेल्या दोन भोकांतली पुट्टी नातीने काढली आणि मला तारेऐवजी सुतळीने बांधले.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरातही एखादी जुनी पाटी किंवा नाव घातलेले भांडे असेल. काळ वाईट आला तर त्यावरचे नाव झाका, माणसाला जगायचे असते. पण ते खरवडू नका. कुणीतरी ते बोटांनी वाचत तुमच्या दाराकडे निघालेले असेल.