बोडीतल्या चकरा

देवचंदनं उकिडवं बसून आधी व्हॅनच्या पोटाखाली पाहिलं, मग चाकावर थाप मारली आणि उठून चार पावलं मागं सरकला. जन्मभर बैलबाजार केलेला माणूस. त्याला गाडीसुद्धा आधी लांबून, मग जवळून आणि शेवटी पुन्हा लांबून पाहावी लागे. दात तेवढे मोजायचे राहिले होते.

"काकाजी, खाली काय पाहता? चारही टायर नवे टाकले," शालीकराम हसत म्हणाला. गोंदियात बालाघाट रोडवरचं हे जुन्या गाड्यांचं दुकान त्याचंच.

देवचंदची सून डिंपल व्हॅनच्या मधल्या सीटवर बसली होती. सकाळपासून ती हेच करत होती. गाडी दाखवली की आत जाऊन बसायचं, दार ओढून घ्यायचं आणि डोळे मिटायचे. एका गाडीत अगरबत्तीचा वास होता, एकीत तांदळाच्या कोंड्याचा, एकीत कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा. बाहेर वैशाखाचं ऊन पंधरा-वीस काचांवर लखलखत होतं आणि बंद दाराआड सगळ्यांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे येत होते. डोळे मिटले की गाडी आपोआप चालू व्हायची. पण जायची ती नेमकी नको तिकडे, गावाकडच्या शेतावर.

गाव सालेकसाच्या पुढं. डिंपल गोंदियाच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची, तिचा नवरा योगराज पाटबंधाऱ्याच्या कचेरीत होता. दोघं रोज पॅसेंजरनं येत-जात आणि पॅसेंजर स्वतःच्या मर्जीनं येई-जाई. म्हणून गाडी हवी होती. आठवडाभर ती दोघांना कामावर नेणार आणि रविवारी योगराजची डर्ट बाईक वाहणार. ती उंच, हडकुळी, मातीत उडवायची बाईक हा योगराजचा एकुलता एक शौक. स्पर्धा असली की दर वेळी कुणाच्या तरी टेम्पोसाठी हात जोडावे लागत.

"मागची सीट काढली की बाईक तिरपी बसते," योगराजनं मोजायची टेप हातात धरून सांगितलं. मग खिडकीतून वाकून तो हळू आवाजात म्हणाला, "तुझ्यासाठीच एसीवाली पाहून राहिलो. उन्हात किती दिवस जाणं-येणं करशील?"

ते खरं होतं. तो चांगलाच होता. चांगुलपणापुढं नाही म्हणणं किती अवघड असतं, ते डिंपलला त्या क्षणी कळलं.

"आनखीन एक," शालीकराम म्हणाला. "तुमची जुनी बाईक पडूनच आहे म्हनता. ते मले देऊन टाका. व्हॅनच्या भावात कापून घेतो."

"घेऊन जा. आता नवी आहेच माझ्याकडे," योगराज म्हणाला.

डिंपलनं डोळे उघडले.

जुनी बाईक शेतावरच्या कोठ्यात उभी असायची. बैल विकल्यापासून कोठा रिकामाच होता. होळीनंतरच्या एका गुरुवारी, तिच्या लॅबच्या सुट्टीच्या दिवशी, डिंपल मोहफुलं वेचायला म्हणून शेतावर गेली आणि सहज बाईकवर बसून पाहिलं. पुढच्या गुरुवारी तिनं ती चालू केली. त्याच्या पुढच्या गुरुवारी ढकलत बोडीत नेली. शेताच्या वरच्या अंगाचं ते लहानसं तळं तेव्हा कोरडं पडून भेगाळलं होतं, आणि त्याच्या मातीच्या उंच पाळीआड कोण काय करतं हे रस्त्यावरून दिसत नसे. ती दोनदा पडली. मग पडायची थांबली.

बोडीत ती नुसत्या चकरा मारायची. धूळ उठायची, मोहाचा गोड वास त्या धुळीत मिसळायचा, पाळीवरचे पळस तिच्याभोवती फिरायला लागायचे. कुणी हाक मारली तरी ऐकू येणार नाही इतकी ती लांब जायची, आणि असायची बोडीतच. घरी परतून जेवताना ती उगाच हसे.

योगराजला सांगायचं तिनं खूपदा ठरवलं. साडी मागता येते, माहेरी जायचं म्हणता येतं. हे काय म्हणून मागायचं? तो रागावला नसता, तो हसला असता. चांगल्या माणसाचं हसणं फार लागतं. आज ना उद्या सांगू म्हणता म्हणता वैशाख उजाडला, आणि आता ही व्हॅन घरी आली की जुनी बाईक जाणार, पावसाळ्यात बोडीत पाणी भरणार आणि तिच्या चकरा कायमच्या बुडणार. गाडी काही दरवर्षी घेतली जात नाही.

"ते कोन्ती?" देवचंदनं कोपऱ्यातल्या पांढऱ्या पिकअपकडं बोट केलं. पुढं चार दारं, मागं उघडा डाला.

"बाबूजी, तिच्यात एसी नाही," योगराज म्हणाला.

"दोन मावतात तिच्यात."

"दोन कायले? जुनी तर देऊन राहिलो ना."

"नाही द्यायची."

"काऊन?"

देवचंदनं टोपी काढून घाम पुसला, पुन्हा घातली. "मी कधी एकटा बैल घरी आनला का?"

योगराज खदखदून हसला. "बाबूजी, हे बैल नाहीत जी." शालीकरामही हसला.

डिंपल हसली नाही. दर गुरुवारी संध्याकाळी सासरे शेळ्या बोडीतून हाकत आणायचे. वाट वाकडी करून का आणतात, याचं तिला नवल वाटायचं. शुक्रवारी योगराज शेतावर गेला तर बोडीत फक्त खुरांचे ठसे असत, चाकांचा एकही नाही. म्हातारा दीड-दोन महिने तिच्या मागनं तिचा माग पुसत होता आणि तिला आज कळत होतं. तिचे डोळे भरून आले. पण याच्यापुढं देवचंद काही बोलणार नव्हता, हेही तिला कळलं. त्याला बोलायचं होतं तेवढं तो बोलला होता. आता तो पिकअपच्या चाकात अगदी गुंग झाला होता.

"मंग दुसरी बाईक चालवनार कोन?" शालीकरामनं विचारलं. "काकाजी, तुम्ही?"

डिंपलनं व्हॅनचं दार सरकवलं. ऊन एकदम अंगावर आलं.

"मी," ती म्हणाली.

योगराजच्या हातातली टेप सुटून सर्रकन आत गेली. "तू?"

"मले येते चालवता. होळीपासून बोडीत चालवून राहिली."

त्यानं बापाकडं पाहिलं. बापानं मान वर केली नाही. शालीकरामला दुकानात काहीतरी आठवलं आणि तो आत गेला. योगराज हसत नव्हता, त्यामुळं डिंपलला जास्तच भीती वाटली.

"मले सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही हसले असते."

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"हसलो असतो," तो म्हणाला.

मग तो पिकअपकडं गेला आणि पाय टाकून डाल्यात चढला. दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पसरून एका कडेला उभा राहिला. एक पाऊल सरकला, पुन्हा हात पसरले, मान हलवली.

"हँडलले हँडल लागते. नाही जमत."

डिंपलनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. योगराज डाल्यात तसाच उभा होता, ओठ हलवत, मनातल्या मनात बाईका उचलत आणि ठेवत. मग तो जागच्या जागी वळला. पाठ केबिनकडं, तोंड तिच्याकडं. त्यानं हात पसरले.

"एकीचं तोंड पुढे, एकीचं मागे," तो म्हणाला. "मंग बसते."

त्यानं हात खाली दिला. ती त्याला धरून डाल्यात चढली. पत्रा तापला होता, चपलेतूनही चटके बसत होते.

"पन एसी नाही हिले," तो म्हणाला.

"खिडक्या आहेत ना," डिंपल म्हणाली.