सगळ्याला एकच तेल

"चामडं तेल पितंय, लोखंड तेल पांघरतंय. दोघांस्नी एकच तेल कसं चालंल रं?" हंबीरराव सोप्यातनं ओरडला.

बैलांचा सण बेंदूर उद्यावर आला होता. पावसाची झड लागलेली, अंगणात नुसता राडा. गोठ्याच्या दारात त्याचा पोरगा कृष्णात घमेल्यातल्या तेलात सरदार बैलाचे घुंगरांचे पट्टे बुडवत बसला होता. कृष्णात कागलच्या एमआयडीसीत कामाला. तिकडूनच त्यानं ह्या तेलाचा डबा आणला होता. चामडं मऊ करतं, बकलांचा गंज काढतं, कुलपाला चालतं, बुटाला चालतं. वर लिंबाचा वास.

"आण्णा, कंपनीत सगळी ह्येच वापरत्यात."

"कंपनीत बैल हाईत व्हय?"

चहाला आलेला शेजारचा गणपतराव फिदीफिदी हसला. कृष्णातचं तोंड एवढंसं झालं आणि हंबीररावाला बरं वाटलं. हल्ली त्याला एवढ्यानंच बरं वाटायचं. पोरगा कमावता झाल्यापासून घरात त्याला कोण विचारत नव्हतं. पंप कुठला, खत कुठलं, सगळं कृष्णात ठरवायचा. सरदार तेवढा त्याचा उरला होता. गावात ट्रॅक्टर आले, दावणी ओस पडल्या, पण कर तोडायचा मान अजून सरदारचाच. वेशीत बांधलेलं पानांचं तोरण त्यानं शिंगानं तोडलं, की बेंदूर झाला असं गाव समजायचं.

पट्टे वाळत टाकून कृष्णात शिंगांचा रंग आणायला गेला. उरलेलं तेल घमेल्यात तसंच राहिलं.

त्या घरची एक रीत होती. पट्ट्यांना करडईचं तेल द्यायचं आणि उरलेल्यात गूळ कुस्करून घमेलं बैलापुढं ठेवायचं. वर्षभर राबला, तर त्याच्या साजाचं तेल त्याच्याच पोटात जाऊ दे. हंबीररावाची बायको धोंडुबाई दुपारी रानातनं आली. यंदा तेल बदललंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं गूळ कुस्करला, घमेलं सरदारपुढं सरकवलं आणि भाकरी थापायला आत गेली.

हंबीरराव दारात उभा होता. 'आगं, थांब' एवढं त्याच्या ओठावर आलं होतं. पण मनानं उचल खाल्ली. बैल शहाणा आहे. हुंगून फुरफुरेल, घमेलं उलथं करेल. मग पोराला दाखवता येईल, बघ, मुकं जनावरसुद्धा तुझ्या तेलाला तोंड लावत नाही. ही गंमत गणपतरावाला आधीच सांगावी म्हणून तो घाईघाईनं पाराकडं गेला.

सरदारनं घमेलं चाटून लख्ख केलं. त्या घरातल्या माणसांनी पुढं ठेवलेलं त्यानं कधी नाकारलं नव्हतं.

दिवस मावळायला त्याच्या तोंडाला फेस आला. डॉक्टरनं नाकपुडी हुंगली, छातीला कान लावला. "रॉकेलातलाच प्रकार हाय ह्यो. फुप्फुसात उतरलाय," तो म्हणाला आणि सुई टोचून गेला. सकाळी वेशीकडं हलगी वाजू लागली तेव्हा सरदारचे पाय ताठ झाले होते.

गाव गोळा झालं. हंबीररावानं सगळ्यांदेखत कृष्णातच्या थोबाडीत दोन ठेवून दिल्या.

"माझा बैल खाल्लास. सांगत हुतो का न्हाय?"

"चुकलं आण्णा," कृष्णात म्हणाला. एवढा दांडगा गडी, पण मान वर करेना.

"हंबीरराव पयल्यापास्नं सांगत हुता की," गणपतराव म्हणाला. "पर म्हाताऱ्याचं ऐकतंय कोण?"

माना डोलल्या. कितीतरी वर्षांनी गाव हंबीररावाचं खरं धरत होतं. आणि खोटं कशाला बोला, त्या मढ्याशेजारी उभं राहूनसुद्धा त्याला ते गोड लागलं.

माणसं जेसीबी बोलवायला पांगली. धोंडुबाई बैलाच्या डोक्याशी बसून होती. तिनं वर न बघताच विचारलं, "मी घमेलं ठेवलं तवा तुमी दारात हुतासा न्हवं?"

हंबीररावानं घसा खाकरला. "तेल वाईट हुतं."

"व्हय. पर तेलाला डोळं न्हवतं."

तवर कृष्णात दोर घेऊन आला. गालावर बोटं उठलेली. त्यानं बापाच्या दंडाला हळूच धरलं.

"आण्णा, तुमी घरात जावा. तुमास्नी ह्ये बघवायचं न्हाय."