साबणाचा चहा

"साबण घातलात का चहात?" बायकोने कप खाली ठेवला आणि ओठ पुसले.

कडककाकांनी आपल्या कपातला घोट घेतला. त्यांना तरी चहा गोडच लागला. पण त्यांनी वाद घातला नाही. हॉस्पिटलच्या लाँड्रीत उभा जन्म काढलेल्या माणसाच्या नाकाला साबणाचा वास येणं केव्हाच बंद झालं होतं. त्यांची इस्त्री कडक, म्हणून लाँड्रीत सगळे त्यांना कडककाका म्हणत. बाकी या माणसात कडक असं काही नव्हतं. घरात तर नावालाही नव्हतं.

बायकोच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. शुगर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बायकोचा तर चहात दोन चमचे साखर पडल्याशिवाय दिवस सुरू व्हायचा नाही. तेव्हा वॉर्डातल्या एका सिस्टरने स्टीव्हियाचं रोप आणून दिलं. "याची पानं गोड असतात, काका. वाळवा, कुटा, चाळून घ्या आणि चिमूटभर घाला. शुगर वाढत नाही. फक्त फुलं येऊ देऊ नका, फुलं आली की पान कडू होतं."

काकांनी फांद्या तोडून लावल्या आणि गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यांची रांग उभी केली. गॅलरीतलं सकाळचं ऊन रोपांना पुरायचं, पानं वाळायला पुरायचं नाही. गच्चीवर ऊन होतं, पण दिवसभर इस्त्रीपुढे उभं राहून आलेले गुडघे आणखी जिने चढायला राजी नव्हते. मग त्यांनी आपल्या धंद्याला शोभेल असा शहाणपणा केला. पानं उशीच्या अभ्र्यात भरली आणि लाँड्रीतल्या गरम खोलीत चादरींच्या शेजारी टांगून दिली. पानं झकास कुरकुरीत झाली, आणि चादरींचा सगळा वास पिऊन बसली.

पुढच्या खेपेला ते सुट्टीच्या दिवशी कण्हत कुथत गच्चीवर गेले. ताटात पानं पसरली, वर जाळी टाकली आणि राखण करत बसले. पूड केली ती लाँड्रीच्या पहारेकऱ्याला चाखायला दिली. "साबण? छे. गोड आहे की," पहारेकरी म्हणाला. काका खुशीत घरी आले आणि त्यांनी स्वतः चहा केला.

बायकोने कप नाकाशी नेला. "येतोय."

"अगं, या वेळी गच्चीवर वाळवली."

"मग तुमच्या हातांना येत असेल."

हे मात्र त्यांना लागलं. ते मोरीत जाऊन हात धुऊ लागले आणि मधेच थांबले. हात धुवायचे तेही साबणानेच.

त्यानंतर बायकोने घरातला चहाच सोडला. साखरेचा डबा तर घरातून कधीच हद्दपार झाला होता. काकांना वाटलं, चला, सुटली एकदाची. पण पुढच्या तपासणीत शुगर आणखी चढलेली निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात साखर येते कुठून?" बायको भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

याचं उत्तर त्याच आठवड्यात मिळालं. काका पँट दुरुस्तीला द्यायला खालच्या मजल्यावर शिवणवालीकडे गेले. मशीनशेजारी दोन रिकामे कप होते.

"ताई आत्ताच वर गेल्या, भावोजी," ती म्हणाली. "रोजचं बसणं आहे आमचं. दोन चमचे साखर लागते हं त्यांना. मला नाही बाई एवढी जात."

काका स्टुलावर बसले. "तिला शुगर आहे."

शिवणवालीचा चेहरा उतरला. "मला तर म्हणाल्या, अंगठ्याला ठेच लागली."

काका जिना चढू लागले ते आज चांगलं झापायचं, असं ठरवूनच. अर्ध्या जिन्यात गुडघ्यांनी त्यांना थांबवलं. भांडायलाही अंगात दम लागतो. ते कठड्याला टेकून उभे राहिले. अंगठा गेला तर ही चालणार कशी, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात राहिला. घरी जाऊन त्यांनी पुडीची बाटली खिशात घातली आणि परत खाली आले.

"साखरेऐवजी हे चिमूटभरच घाला. जास्त झालं तर कडू होतं. थोडं आलं ठेचून टाका. आणि हे मी दिलंय, असं सांगू नका."

"ताईंना कळलं तर?"

"कळलं तर साबण लागेल."

शिवणवालीने बाटली दोऱ्यांच्या डब्यात लपवून ठेवली. बायको संध्याकाळी वर यायची ती खुशीत. "तिच्या हातचा चहा म्हणजे चहा. शिका जरा तिच्याकडून," असंही एकदा म्हणाली. काका मान डोलवायचे आणि सुट्टीच्या दिवशी ताट घेऊन गच्ची चढायचे. बाटली संपली की दुसरी खाली पोचायची.

जखम हळूहळू सुकली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, अंगठा दाबून बघितला आणि म्हणाले, "वाचलात."

घरी येताना बायको कितीतरी दिवसांनी नीट पाऊल टाकत होती. "एक सांगू? रागावू नका," ती म्हणाली. "मी साखर सोडलीच नव्हती. खाली रोज पीत होते. तरी उतरली बघा शुगर. उगाच तुम्ही त्या पाल्याच्या मागे लागलात."

खरं सांगावं, असं काकांच्या ओठांपर्यंत आलं. पण मग उद्यापासून खालचा चहाही साबणाचा झाला असता.

"हो ना," ते म्हणाले.

"ते डबे काढून टाका आता. कपडे वाळत घालायला जागा होईल."

घरी आल्यावर काका गॅलरीत जाऊन बसले. गेले काही दिवस तपासण्यांच्या धावपळीत रोपांकडे लक्ष नव्हतं. शेंड्यांवर बारीक पांढऱ्या कळ्या आल्या होत्या. त्यांनी डबा पुढ्यात ओढला आणि एकेक कळी खुडायला घेतली. इस्त्री धरून धरून बोटं सुजली होती, कळ्या चिमटीत नीट येत नव्हत्या.

"काढले का डबे?" बायकोने आतून विचारलं.

"उद्या काढतो," काका म्हणाले आणि त्यांनी दुसरा डबा ओढला.